मिरग, मुंगारु आणि पुढची पन्नास वर्षे

जूनचा पहिला आठवडा आला की सीमाभागातल्या बऱ्याच घरांत भिंतीवरची दोन कॅलेंडरे एकदम वाचली जातात. एकावर मराठीत छापलेले असते, सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश, वाहन अमुक. दुसऱ्यावर कन्नडमध्ये तोच दिवस आणि तेच नक्षत्र. खानापूरकडे त्याला मिरग म्हणतात, बैलहोंगल-गोकाककडे मृगशिरा मळे. इकडची आर्द्रा ती तिकडची आरिद्रा, इकडची पूर्वा ती तिकडची हुब्बे. आजीने ‘तरणा पाऊस’ म्हटले की पुनर्वसू समजायचे, ‘म्हातारा’ म्हटले की पुष्य. मृगापासून स्वातीपर्यंत अकरा नक्षत्रे, प्रत्येक साधारण साडेतेरा दिवसांचे. वाहन बेडूक किंवा हत्ती निघाले तर घरात समाधान, कोल्हा किंवा मेंढा निघाला तर कपाळाला आठी. भाषा दोन असल्या तरी मुंगारु म्हणणाऱ्याचे आणि खरीप म्हणणाऱ्याचे वेळापत्रक एकच असते.

हे वेळापत्रक कोण्या एका ज्योतिष्याने बसवलेले नाही. कोणत्या नक्षत्रात रोप टाकायचे, कोणत्या पावसात लावणी उरकायची, परतीच्या कोणत्या सरींवर ज्वारी-हरभरा धरायचा, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाहण्यातून ठरत गेले. स्वातीच्या पावसाला मोत्यांची उपमा उगाच मिळाली नाही. हिंगारु पिकाला तो पाऊस खरोखरच मोलाचा असतो. या सगळ्या शहाणपणामागे मात्र एक गृहीत आहे. आजोबांच्या काळात जसा पाऊस पडला, साधारण तसाच नातवाच्या काळात पडेल, हे ते गृहीत. हवामानशास्त्रज्ञ आज नेमके तेच तपासत आहेत.

शतकाच्या अखेरीस तापमान इतके अंशांनी वाढेल, समुद्र इतका चढेल, अशा बातम्या आपण वाचतो. त्यावर चहाच्या गाडीपाशी ठरलेला शेरा पडतो. ‘यांना उद्याचा पाऊस नीट सांगता येत नाही, आणि निघाले २१०० सालचे सांगायला!’ शेरा झोंबणारा असला तरी प्रश्न रास्त आहे आणि त्याचे नीट उत्तर देता येते.

अंदाज वेगळा, प्रक्षेपण वेगळे

उद्या बेळगावात पाऊस पडेल का, हा अंदाज झाला. आज ढग कुठे आहेत, वारा कोणत्या दिशेने वाहतो, समुद्रावर कमी दाबाचा पट्टा आहे का, हे पाहून तो वर्तवतात. आठ-दहा दिवसांपुढे तो धूसर होत जातो, कारण सुरुवातीच्या मोजमापातली बारीकशी चूकही दिवसागणिक मोठी होत जाते. शास्त्रज्ञ ज्याला प्रक्षेपण म्हणतात ते वेगळे काम आहे. (हा शब्द दूरदर्शनने आधीच पळवला, त्याला इलाज नाही.) २०६० सालच्या मृगाच्या पहिल्या दिवशी पाऊस येईल की नाही, हे प्रक्षेपण सांगत नाही, सांगूही शकत नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड इतका वाढला, तर २०४५ ते २०७५ या तीस वर्षांतले पावसाळे सरासरीने कसे असतील आणि त्यांत अतिवृष्टीचे दिवस किती असतील, इतकेच ते सांगते. ‘तर’च्या आधीचा ‘जर’ त्यात फार महत्त्वाचा आहे.

घरातलेच उदाहरण घेऊ. येत्या गुरुवारी जेवायला किती पाने होतील, हे घरातल्या बाईला सहा महिने आधी सांगता येणार नाही. पण वर्षाचे धान्य भरताना ती चुकत नाही. घरात माणसे किती, सणवार किती, माहेर-सासरचे येणे-जाणे किती, हे तिला ठाऊक असते. यंदा धाकट्याचे लग्न ठरले तर दोन पोती तांदूळ जास्त लागेल, हेही ती सांगते. लग्न ठरलेच नाही तर तांदूळ उरतो, म्हणून तिचा हिशेब चुकला असे कोणी म्हणत नाही. प्रक्षेपण म्हणजे असा पोत्यांचा हिशेब आहे.

तो हिशेब आजवर कितपत जुळला? स्वीडनचे स्वांते आऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कागद-पेन्सिलीने पहिला मोठा हिशेब मांडला. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल, असे त्यांचे उत्तर होते. ते थोडे जास्त निघाले, पण दिशा बरोबर होती. पुढे १९६७ मध्ये स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी संगणकावर तोच प्रश्न सोडवला आणि उत्तर आले सुमारे २.३ अंश. त्याच गणितातून आणखी एक गोष्ट निघाली होती. जमिनीजवळची हवा तापेल, पण खूप वरचा थर, स्थितांबर, उलट थंड होईल. सूर्यच जास्त तापला असता तर दोन्ही थर तापले असते. पुढे उपग्रहांनी आणि फुग्यांनी मोजले तेव्हा खालचा थर तापलेला आणि वरचा थंड झालेला आढळला. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा ते नव्वदीत होते. हिशेब मांडणाऱ्याला आपला हिशेब जुळलेला पाहायला मिळावा, असे क्वचितच घडते.

जुन्या प्रक्षेपणांची एकत्रित तपासणीही झाली आहे. झीक हाउसफादर आणि सहकाऱ्यांनी १९७० ते २००७ या काळात मांडलेली तापमानाची सतरा प्रक्षेपणे घेतली आणि नंतरच्या मोजमापांशी ताडून पाहिली. प्रत्यक्षात हवेत किती वायू सोडले गेले हे लक्षात घेतल्यावर सतरापैकी चौदा जुळली, असे त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. चहाच्या गाडीपाशी हे सांगायला हरकत नाही.

आंबोली आणि बेळगाव एकाच चौकोनात

हे हिशेब करणारी एक मोठी संस्था आपल्यापासून फार लांब नाही. पुण्यातली भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था १९६२ मध्ये सुरू झाली. तिथे तयार झालेले पृथ्वीचे संगणकीय प्रारूप हे जागतिक तुलनेत दाखल झालेले भारतातले पहिले प्रारूप होय. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरसरकारी समितीने २०२१ मध्ये सहावा अहवाल दिला, त्यासाठी झालेल्या तुलनेत ते होते.

प्रारूप म्हणजे काय, तर पृथ्वीचे आकाश आणि समुद्र चौकोनी खोक्यांत वाटायचे, आणि ऊन, वारा, बाष्प, बर्फ यांचे भौतिक नियम प्रत्येक खोक्याला लावून थोड्या थोड्या वेळाने पुढचे आकडे काढत जायचे. जगाच्या प्रारूपांत एकेक चौकोन साधारण शंभर किलोमीटर लांबी-रुंदीचा असतो. आपल्या भागाची अडचण इथेच सुरू होते. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून गाडीने दोन तासांच्या आत बेळगावात यावे, तर तो तेराशेच्या आसपास उतरलेला असतो. आणखी पूर्वेला अथणीकडे पाचशे-सहाशे. आंबोली आणि बेळगाव प्रारूपाच्या एकाच चौकोनात पडू शकतात आणि त्यात सह्याद्रीचा कडा घासून गुळगुळीत केलेल्या टेकडीसारखा होतो. म्हणून जागतिक आकडा उचलून थेट कणकुंबीला किंवा रायबागला लावता येत नाही. त्यासाठी लहान चौकोनांची प्रादेशिक प्रारूपे चालवावी लागतात आणि ती जागेवरच्या पर्जन्यमापकांशी ताडून पाहावी लागतात. एखाद्या वर्तमानपत्राने एकाच गावाचा २०५० सालचा पाऊस दशांश चिन्हासकट दिला, तर वाचकांनी तो मिठाच्या खड्यासह वाचावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तापमानाचे आकडे त्या मानाने पक्के आहेत. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतापुरता स्वतंत्र आढावा प्रसिद्ध केला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे त्यात नोंदवले आहे. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे एका अंशाने तापला. शतकाच्या अखेरीस १९७६ ते २००५ च्या तुलनेत सुमारे ४.४ अंशांची वाढ होईल, हा त्या आढाव्यातला आकडा सगळ्या मथळ्यांत आला. मथळ्यांनी त्याचा ‘जर’ मात्र गाळला. ४.४ हा आकडा उत्सर्जन भरमसाट वाढत गेले तरचा आहे, आणि ती वाट आता कमी संभाव्य आहे, असे अनेक शास्त्रज्ञच म्हणतात. मधल्या वाटेने गेलो तर वाढ अडीच अंशांच्या आसपास येते. तीही थोडी नव्हे. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार २०२४ हे १९०१ पासूनचे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

एकूण तेवढाच, पण पडण्याची तऱ्हा वेगळी

आता पावसाकडे येऊ, कारण आपल्या भागाचे खरे सुखदुःख तिथेच आहे.

उन्हाळ्यात ओले धुणे लवकर वाळते, कारण गरम हवा जास्त बाष्प पोटात घेते. एक अंश तापमान वाढले की हवेची ही क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. ती जास्त उचलते, जास्त वेळ धरून ठेवते, आणि सोडायला लागली की एकदम सोडते. म्हणून तापलेल्या जगात पावसाळ्यातले कोरडे खंडही वाढू शकतात आणि ढगफुटीसारखे दिवसही. दोन्ही एकाच कारणातून निघतात.

हे नुसते गणित नाही, मोजलेले आहे. पुण्याच्या याच संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मध्य भारताच्या १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या पावसाचा अभ्यास मांडला. मोसमाची एकूण सरासरी जवळपास हललेली नव्हती. पण दिवसाला शंभर मिलीमीटरहून जास्त कोसळण्याच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या घटना घटल्या होत्या. वर्षाच्या बेरजेत दोन्ही एकमेकांना झाकून टाकत होत्या, म्हणून इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते. नुसती सरासरी पाहणाऱ्याला ‘पाऊस तेवढाच’ दिसतो, पण शेतातल्या माणसाला तो तसा दिसत नाही.

त्यानंतर २०१७ मध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ चा हिशेब दिला. मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे त्यांना आढळले. धोका असलेल्या भागांत महाराष्ट्राबरोबर गोवा आणि उत्तर कर्नाटकही येतात. कारण अरबी समुद्राकडे बोट दाखवते. तापलेल्या समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे आता अधिक लहरी झाले आहेत. ते मधूनच उसळी मारतात आणि बाष्पाचा लोंढा दोन-तीन दिवसांत जमिनीवर आणून ओततात. याच समुद्रात २००१ ते २०१९ या काळात चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी जास्त होती. कोकणात आणि गोव्यात ज्यांचे सोयरे आहेत त्यांना मे २०२१ मधले ‘तौक्ते’ आठवत असेल.

इथे एक कोडे पडते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. प्रारूपे म्हणतात की पुढे मोसमी पाऊस वाढेल. पॉट्सडॅमच्या संस्थेतल्या आन्या कात्सेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तीसहून अधिक प्रारूपे ताडून पाहिली, तर तापमानाच्या दर अंशाला पाऊस सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो, असे उत्तर आले. वर्षावर्षांतला चढउतारही वाढेल. पण मोजलेला इतिहास पाहावा, तर १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला होता. मग खरे कोणाचे?

याचे एक मोठे कारण धुरात आहे. कारखाने, वाहने, चुली यांतून निघणारे बारीक कण उन्हाला अडवतात आणि जमीन हवी तितकी तापू देत नाहीत. मोसमी वारे चालतात ते जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर. जमीन धुराच्या छत्रीखाली आणि समुद्र तापत चाललेला, म्हणजे फरक कमी आणि पाऊसही कमी. धूर काही दिवसांत खाली बसतो, कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतके हवेत राहतो. त्यामुळे जसजशी हवा स्वच्छ होईल तसतसा दुसऱ्याचा जोर उघडा पडेल, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. २००२ पासून उत्तर-मध्य भारतातला पाऊस पुन्हा चढू लागल्याचे २०१७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले आहे. प्रारूपांनी मोसमी पावसाच्या बाबतीत आजवर तापमानाइतके यश मिळवलेले नाही, हेही खरे. एकूण बेरीज किती वाढेल यावर त्यांच्यात मतभेद आहेत. मुसळधार दिवस वाढतील यावर मात्र जवळपास सगळ्यांचे एकमत आहे.

२०१९ आणि २०२३

२०१९ चा जून आठवून पाहा. मृग कोरडा गेला. देशभर जूनचा पाऊस सरासरीपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होता. धूळवाफ पेरणी केलेले लोक आभाळाकडे डोळे लावून होते. आणि मग ऑगस्टचा पहिला आठवडा आला. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम फुगल्या. चिकोडी-निपाणीपासून गोकाक-रामदुर्गपर्यंत घरे पाण्यात गेली. पुणे-बेंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद राहिला. मोसम संपला तेव्हा देशाची बेरीज सरासरीच्या ११० टक्के झाली. कागदावर उत्तम वर्ष!

पुढे २०२३ मध्ये नेमके उलट झाले. कर्नाटक सरकारने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले. चार वर्षांच्या अंतराने पूर आणि दुष्काळ, आणि दोन्ही वेळा तेच गाव, तेच शेत.

एकाच पुरावर बोट ठेवून ‘हा हवामानबदलामुळेच’ असे सरसकट म्हणणे शास्त्राला धरून नाही. पण किती वाटा त्याचा, हे आता काढता येते. जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळून शेकडो माणसे गेली. त्या दिवशीचा पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे दहा टक्क्यांनी जास्त तीव्र झाला होता, असा हिशेब आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने मांडला. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी एक तांब्या ओतला की काय होते, हे सांगायला नको. डोंगर पोखरलेला असेल तर तर बोलायलाच नको.

धरणांची पंचाईत यातून कळते. धरण भरायचे असते सप्टेंबरअखेर, कारण पुढचे आठ महिने प्यायला आणि शिंपायला तेच पाणी. पूर अडवायचा तर त्याच धरणात ऑगस्टमध्ये जागा मोकळी हवी. पाऊस ठरलेल्या चालीने आला तर दोन्ही साधते. जून कोरडा गेला की अधिकारी पाणी सोडायला धजत नाहीत, आणि नेमके तेव्हा आठवड्याभरात महिन्याचा पाऊस कोसळतो. मग रात्री-अपरात्री दरवाजे उघडावे लागतात. कोयना असो, हिडकल असो की नविलुतीर्थ, भरण्याचे वेळापत्रक जुन्या पावसाच्या नोंदींवर बसवलेले आहे. पुलांच्या कमानी, नाल्यांची रुंदी, गटारांचे पाइप, सगळ्यांचे माप त्याच जुन्या वहीतून घेतलेले आहे. बेळगाव शहरात नाल्यांलगतच्या वसाहतींत दर दोन-तीन वर्षांनी पाणी शिरते, त्याचे मूळही काही प्रमाणात तिथेच आहे. बाकीचे मूळ अतिक्रमणात आहे, आणि त्याचा दोष हवामानावर ढकलण्याची सोय मी तरी कोणाला देणार नाही.

आता अलमट्टी. पूर आला की सांगली-कोल्हापूरचे पाहुणे म्हणतात, तुमच्या अलमट्टीमुळे. इकडचे म्हणतात, तुमच्या कोयनेने पाणी सोडल्यामुळे. सोयरीक दोन्हीकडे असलेल्या घरात हा वाद जेवणाच्या पानावरही निघतो. २०१९ नंतर महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात अलमट्टीला त्या महापुराचे कारण मानले नव्हते. तरीही धरणाची पाणीपातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव निघाला की वाद पुन्हा पेटतो. दोन्ही राज्यांचे वकील मागच्या शतकातल्या पाण्याच्या आकड्यांवर भांडतात. पुढच्या पन्नास वर्षांत एका आठवड्यात किती पाणी येऊ शकते, हा प्रश्न मात्र त्या वादात मागेच राहतो. धरणातल्या पातळीचे आणि विसर्गाचे आकडे तासातासाला एकमेकांना कळवणे, त्यावरून आधीच थोडे थोडे पाणी सोडणे, यासाठी कोणाची उंची वाढवावी लागत नाही. पुराच्या दिवसांत दोन्हीकडचे अभियंते तसे बोलतातही. ते बारमाही आणि सर्वांना दिसेल असे झाले तर पाहुण्यांचा निम्मा वाद मिटेल.

शेतात आणि घरात

शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात कठीण आहे तो मधला खंड. धूळवाफ पेरणीचे गणित असे, की मे-अखेरीस कोरड्या मातीत भात पेरायचा आणि वळवाच्या व मृगाच्या सरींनी तो उगवायचा. पहिल्या सरीने उगवला आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडे राहिले, की कोंब जळतो आणि दुबार पेरणी नशिबी येते. बियाणे पुन्हा विकत, मजुरी पुन्हा. बटाट्याला उलटी भीती, पाणी साचले की कंद कुजतो. नाचणी आणि ज्वारी मात्र खंड सोसतात. आजवर ‘गरिबांचे धान्य’ म्हणून बाजूला सारलेल्या नाचणीचे दिवस त्यामुळे परत येत आहेत. रोट्टी आणि अंबील करणाऱ्या घरांना हे नव्याने सांगायची गरज नाही.

विहिरीचेही तसेच. रिमझिम पाऊस मातीत मुरतो, धो धो पाऊस वरची माती घेऊन ओढ्याने निघून जातो. म्हणजे पर्जन्यमापकात भरपूर पाऊस नोंदला जाऊनही मार्चमध्ये विहीर तळ दाखवू शकते. बांध, शेततळे, ओढ्यावरचे लहान बंधारे ही जुनीच कामे आहेत. पाऊस जितका धसमुसळा होईल तितकी त्यांची किंमत वाढेल. ऊस मात्र याच भागात वाढत चालला आहे, आणि तो पाण्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक आहे. कारखान्यांच्या गावी हे बोलणे लोकप्रिय नाही, पण बोलायला हवे.

नक्षत्रांचे काय करायचे? ती टाकून देण्याचे कारण नाही. हवामान विभागानेही आपल्या तारखा बदलल्या आहेत. वायव्य भारतातून मोसमी पाऊस परतायला लागण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर होती, ती २०२० मध्ये १७ सप्टेंबर केली. मोसमी पावसाची देशाची सरासरीही २०२२ मध्ये नव्या पन्नास वर्षांच्या नोंदी घेऊन सुमारे ८८ सेंटीमीटरवरून ८७ वर आणली. वही जुनी झाली की नवी घालायची, इतकेच त्यांनी केले. घराच्या नक्षत्रांनाही अशी वही जोडता येईल, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

एक सरळ उभ्या कडांचे, सपाट बुडाचे काचेचे भांडे घ्या. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचे हवे, नाहीतर माप चुकते. झाड, पत्रा, भिंत यांपासून दूर, मोकळ्या जागी ते जमिनीपासून थोडे वर घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला आत साठलेल्या पाण्याची उंची मिलीमीटरच्या पट्टीने मोजा आणि भांडे रिकामे करा. हवामान विभागाचा दिवसही साडेआठलाच संपतो. एक मिलीमीटर म्हणजे एक चौरस मीटर अंगणात एक लिटर पाणी. अडीच मिलीमीटर झाले तर तो पावसाचा दिवस धरायचा, ६४.५ च्या वर गेला तर जोरदार, २०४.४ च्या वर गेला तर अतिवृष्टीतली अतिवृष्टी. वहीत तीन रकाने पाडा, एकात तारीख, दुसऱ्यात नक्षत्र, तिसऱ्यात मिलीमीटर. नक्षत्राच्या रकान्यात आजीने मिरग लिहावे, नातवंडाने शाळेतल्या कन्नडमध्ये मृगशिरा लिहावे. नक्षत्र बदलले की बेरीज मारा, आणि त्या बेरजेखाली किती दिवस कोरडे गेले तेही लिहा.